जवळचे धान्य, न्याय्य दाम

सामुदायिक किराणा दुकान म्हणजे गिऱ्हाइकांनी मिळून चालवलेले दुकान. भांडवल त्यांचे, देखरेख त्यांची आणि वर्षाअखेरीस काही उरले तर तेही त्यांचेच. मालक आणि गिऱ्हाईक एकच झाले की बऱ्याचशा जुन्या तक्रारींचे मूळच उरत नाही. घरी जाणाऱ्या कणकेत आपल्याच हाताने भेसळ कोण करील? इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी विणकरांनी आणि इतर कारागिरांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत असे एक दुकान उघडले. वर्गणी माणशी एक पौंड. माल म्हणजे लोणी, साखर, कणीक, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. नियम मात्र भक्कम होते: माप पुरे, माल निर्भेळ, उधारी बंद, प्रत्येकाला एकच मत आणि उरलेला नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत. जगभरच्या ग्राहक सहकाराने पुढे हेच नियम उचलले.

मुंबईच्या गिरणगावात पगार हातात पडण्याआधीच वाण्याच्या वहीत संपलेला असे. तिथे नायगावात १९४८ साली कामगारांसाठी जी सहकारी ग्राहक संस्था उभी राहिली, तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून घरोघरी पोचली. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने हाच विचार ‘वारणा बाजार’च्या रूपाने ग्रामीण भागात रुजला. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळले. बिंदुमाधव जोशी यांच्या या कल्पनेला पहिल्या दिवसांत साथ देणाऱ्यांत संगीतकार सुधीर फडकेही होते. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एक संघ करायचा, महिन्याची यादी भरून पैसे आगाऊ द्यायचे आणि सगळ्यांचा माल एका ठिकाणी उतरवून घ्यायचा, अशी ही पद्धत.

वाटपाचा दिवस पाहण्यासारखा असतो. टेम्पो सोसायटीच्या आवारात येतो, खोकी आणि गोण्या जिन्याखाली उतरतात. एक जण यादी वाचतो, दुसरा पुडे मोजून घराघराचे ढीग लावतो. तूरडाळीचा एक पुडा कमी भरतो. मग यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली जाते आणि तो रव्याच्या पुड्यांखाली सापडतो. कुणाच्या घरी आजारपण असेल तर त्यांचा ढीग शेजारचा मुलगा वर पोचवतो. पोहे मागच्या खेपेला जुनाट होते ही तक्रार इथे तोंडावर सांगितली जाते आणि वर खरेदी करणाऱ्यांपर्यंत जाते. झगमगीत मॉलमध्ये लाखाचा माल घेणाऱ्यालाही एवढा अधिकार नसतो.

पण रॉचडेलच्या नियमावलीत एक जागा मोकळी राहिली होती. वजनाची आणि शुद्धतेची हमी तिच्यात होती, गिऱ्हाइकाची काळजी होती. फळीवरची साखर ज्या मळ्यातून आली तिथल्या मजुराचा उल्लेख नव्हता. स्थानिक मालाची आणि फेअर ट्रेडची चळवळ या मोकळ्या जागेतूनच उगवली आहे. एक चळवळ विचारते की हे अन्न कुठून आले. दुसरी विचारते की पिकवणाऱ्याच्या हाती काय पडले. हे दोन प्रश्न अनेकदा एकच समजले जातात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी जवळच्या मालाकडे पाहू. मुळशी तालुक्यातला आंबेमोहोर शिजायला लागला की आंब्याच्या मोहोराचा वास माजघरातून ओसरीवर येतो. दाणा आखूड, भात मऊ. आजारातून उठलेल्याची पेज याचीच करावी. पण हे पीक उंच वाढते, वाऱ्यापावसात लोळते आणि उतारा कमी देते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ या भाताच्या जातींच्या संकरातून काढलेला इंद्रायणी १९८७ साली प्रसारित झाला. त्याचा उतारा जास्त, म्हणून शेतकरी तिकडे वळला, यात त्याचा काही दोष नाही. दोष आहे तो आंबेमोहोराच्या नावाखाली परप्रांतातला दिसायला तसाच तांदूळ विकणाऱ्या बाजाराचा. खोट्या मालाने खऱ्याचा भाव पाडला की खरा पेरणारा थांबतो. मुळशीच्या आंबेमोहोराला, आजऱ्याच्या घनसाळला, नवापूरच्या तुरीला, भिवापूरच्या मिरचीला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकनाने नावाला कायद्याचे संरक्षण येते, पण भात शेतात टिकतो तो कुणीतरी वर्षानुवर्षे योग्य भावाने विकत घेतो म्हणून. शे-दीडशे कुटुंबांचे दुकान रोपे लावण्याआधी ‘एवढा आंबेमोहोर आम्ही घेऊ’ असा शब्द देऊ शकते. एकट्या गिऱ्हाइकाला ते जमत नाही आणि घाऊक व्यापाऱ्याला त्याची गरज वाटत नाही.

जवळून घ्यायचे म्हणजे ऋतूप्रमाणे खायचे, हेही ओघाने आलेच. थंडीत पावटा आणि हरभऱ्याचा पाला, उन्हाळ्यात करवंदे, पावसाच्या तोंडाशी टाकळा, भारंगी, कुर्डू यांच्या जुड्या. या रानभाज्या विकणाऱ्या आदिवासी बाया पहाटे डोंगर उतरून येतात. त्यांच्याशी घासाघीस करून पाच रुपये वाचवणाऱ्या शहराने कधी तरी त्या जुडीमागची चाल डोळ्यांसमोर आणावी.

दामाचा हिशेब मात्र भावनेवर सोडून चालत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या अभ्यासनिबंधांनुसार गिऱ्हाइकाने मोजलेल्या रुपयातले टोमॅटो पिकवणाऱ्याला सुमारे ३३ पैसे मिळतात, कांद्याला ३६ आणि बटाट्याला ३७. केळ्याचे ३१, द्राक्षाचे ३५. हरभऱ्याच्या डाळीत हाच वाटा ७५ पैशांच्या आसपास आहे आणि तुरीत ६५. या तफावतीमागे नाशवंतपणा आहे. डाळ थांबू शकते, टोमॅटो थांबत नाही. तोलाई, हमाली, अडत, वाहतूक यांच्याबरोबर जे वाटेत सडते त्याचा भारही शेवटी शेतकऱ्याच्या वाट्यातून जातो. मधल्या सगळ्यांना लुटारू म्हणणे सोपे आहे, पण हातगाडीवाला रोजची नासाडी स्वतः सोसतो, हे विसरू नये. या आकड्यांतून एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते: सामुदायिक दुकाने कोरड्या किराण्यावर थांबली, तर जिथे त्यांची सर्वाधिक गरज आहे तिथे ती पोचतच नाहीत. आठवड्याची भाजी आधी पैसे देऊन एकाच शेतकरी गटाकडून घेणे आणि एखाद्या आठवड्यात नुसती भोपळ्याची रास आली तरी कुरकुर न करणे, हा त्यांचा खरा पुढचा टप्पा आहे. राज्य सरकारने २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला आणि सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. त्यामुळे कायद्याची वाट तरी खुली झाली आहे.

आता साखर. महाराष्ट्रात याहून ‘स्थानिक’ वस्तू दुसरी नसेल. कारखाना पलीकडच्या तालुक्यात, ऊस बांधापलीकडचा, सभासद नात्यातले. तो ऊस तोडणारे मात्र बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच खर्चून झालेली असते. ती फेडण्यासाठी हंगामभर थंडीत, पाचटाच्या खोपीत राहून पहाटेपासून मोळ्या बांधायच्या. पोरांची शाळा अर्ध्यावर सुटते. पाळी चुकवता यावी, खाडा पडू नये म्हणून कोवळ्या वयातच गर्भाशय काढून घेणाऱ्या बाया बीड जिल्ह्यात मोठ्या संख्येने आहेत, हे २०१९ मध्ये उजेडात आले तेव्हा राज्य हादरले. चहात विरघळणाऱ्या चमचाभर साखरेला पन्नास किलोमीटरचाही प्रवास झालेला नसतो. तरी ती न्याय्य आहे असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? जवळचे आणि न्याय्य या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि दुकानाच्या खरेदी समितीने दोन्ही लावल्या पाहिजेत.

दूरच्या मालाला दुसरी कसोटी लावण्याची पद्धत फेअर ट्रेडने घालून दिली. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातल्या कॉफी उत्पादकांमध्ये राहून काम करणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर हॉफ आणि हॉलंडमधले निको रोझेन यांनी १९८८ साली एक शिक्का सुरू केला. नाव दिले ‘मॅक्स हॅवेलार’. जावा बेटावरच्या रयतेची डच राजवटीतली पिळवणूक मांडणाऱ्या १८६० च्या कादंबरीचा हा नायक. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोसळली, जागतिक भाव गडगडले आणि किमान भावाची गरज किती खरी आहे ते जगाला दिसले. फेअर ट्रेडची रचना अशी आहे: बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या पातळीखाली भाव जायचा नाही, आणि बाजार चढला तर चढा भाव द्यायचा. धुतलेल्या अरेबिका कॉफीसाठी हा किमान भाव ऑगस्ट २०२३ मध्ये पौंडाला १.८० डॉलर ठरवला गेला. त्यावर पौंडामागे २० सेंट सामाईक निधीसाठी ठेवले होते; या निधीचा विनियोग उत्पादकांची संस्था स्वतः बैठकीत ठरवते.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत आणि त्या झाकू नयेत. प्रमाणपत्राला पैसे लागतात. प्रमाणित संस्थेचा सगळा माल फेअर ट्रेडच्या भावाने खपतोच असे नाही. उरलेला साध्या बाजारात जातो. शिवाय लहान शेतकऱ्याच्या शेतावर हंगामी मजुरीला आलेल्या माणसापर्यंत निधीतले किती झिरपते, हा प्रश्न ऊसतोडीइतकाच टोकदार आहे. जवळच्या मालासाठी म्हणून भारतात सहभाग हमी पद्धत, म्हणजे पीजीएस, अधिक उपयोगी पडते. शेजारचे शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात आणि सेंद्रिय असल्याची ग्वाही देतात. दुकानाच्या सभासदांनी वर्षातून एकदा त्या शिवारात जाऊन बांधावर बसावे, मजुरी किती दिली जाते तेही विचारावे. गावाकडे असे विचारणे कुणाला खटकत नाही, उलट चहा होतो.

राहतो प्रश्न परवडण्याचा. न्याय्य दामाचे धान्य बहुधा महाग असते आणि घरकाम करणाऱ्या बाईला ते घेता आले नाही, तर दुकानाच्या नावातला ‘सामुदायिक’ हा शब्द पोकळ ठरतो. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९७३ पासून चालणाऱ्या पार्क स्लोप फूड को-ऑपने यावर श्रमाचा उपाय शोधला: प्रत्येक सभासदाने पाळीने दुकानात काम करायचे, त्यामुळे नोकरपगार वाचतो आणि भाव खाली राहतो. आपल्याकडे ग्राहक पंचायतीच्या वाटपाच्या दिवशी संघातले लोक तेच करतात. दुसरा उपाय भावाच्या मांडणीत आहे. ज्वारी, तांदूळ, डाळ, तेल यांवर नफा जेमतेम खर्च निघेल एवढाच ठेवायचा. काजू, कॉफी, मधावर थोडा अधिक. काही दुकाने आगाऊ रकमेची सक्ती कमी उत्पन्नाच्या घरांपुरती सैल करतात आणि हप्त्याने पैसे घेतात. रॉचडेलच्या ‘उधारी बंद’ या नियमाला ही मुरड आहे खरी, पण तो नियम सावकारी खात्यातून माणूस सुटावा म्हणून केलेला होता. बिनव्याजी हप्त्याने त्याला बाध येत नाही.