कालव्यावरचे दोन दिवस

नहर हा शब्द आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, माणसाने उच्चारला तर त्याच्या डोळ्यांपुढे होडी कधीही येत नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या आरंभी शहरात पाणी आणले ते भूमीच्या पोटातून. आणि पाणचक्कीपाशी मातीच्या नळांतून आलेले पाणी उजेडात येते तेसुद्धा जात्याला जुंपण्यापुरतेच. आमच्याकडे पाण्याने नेहमी काम केले आहे. त्याच्यावर बसून कोणी हवा खाल्ल्याचे ऐकिवात नाही.

उघडा कालवा आम्हांस मिळाला तो फार पुढे. जायकवाडीची कोनशिला १९६५ साली लालबहादुर शास्त्रींनी बसविली व १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचे लोकार्पण झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे. त्यातही होडी चालत नाही, कारण तो शेतासाठी खणलेला. पाळी आली की भरतो, पाळी संपली की ओसरतो. याच गोदावरीवर, धवळेश्वरम् येथे, ऑर्थर कॉटन याने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा घातला, तेव्हा तेथील कालवे मात्र शेती व नौका अशा दोन्ही हेतूंनी आखले होते. इंग्लंडात तर कोळसा वाहण्याकरिता खणलेल्या कालव्यांवर आज कुटुंबेच्या कुटुंबे स्वतः सुकाणू धरून सुटी घालवितात. आमच्या चिरंजीवांनी हे सर्व आम्हांस सांगितले ते ज्ञानवृद्धीसाठी नव्हे, हे आमच्या जरा उशिरा ध्यानात आले. केरळात कोल्लमपासून कोट्टापुरमपर्यंतचा २०५ किलोमीटरांचा मार्ग १९९३ साली राष्ट्रीय जलमार्ग ठरला. म्हणजे लांबीने आमच्या डाव्या कालव्याचा जुळा भाऊच. त्याच्या आसपासच्या कालव्यांतून दोन दिवस नौकेने हिंडावयाचे, आणि घरातील अकराही माणसांनी मिळून, असा बेत त्यांनी मांडला.

बेताला विरोध झाला तो काकूंचा. काकू आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे माहेर गोदाकाठचे. नाथसागरात शंभरांवर गावे गेली, त्यांत तेही गेले. नाथषष्ठीला त्या नेमाने पैठणास जातात, परंतु धरणाच्या भिंतीवर त्यांनी आजवर पाऊल ठेवलेले नाही. त्या म्हणाल्या, “पाणी बघायला पैसे मोजून कशाला जायचं रे? माझ्या बापाच्या ओसरीवर ते फुकट चालून आलं होतं.” यावर उत्तर नव्हते. तथापि एकट्या मागे राहिल्या तर नळाच्या दिवशी टाक्या कोण भरणार, असा प्रश्न वहिनींनी काढला आणि काकू निघाल्या.

मुंबईहून नेत्रावती गाडीने आलप्पुळा गाठले. वहिनींची दशम्या-मेतकुटाची शिदोरी तोवर निम्मी उरली होती व पुढे फार उपयोगी पडली. खोबरेल तेलातील भाजीशी आमच्या पिढीचे शेवटपर्यंत सूत जमले नाही, मुलांचे पहिल्याच घासाला जमले.

तेथील नौकेस केट्टुवल्लम् म्हणतात. बांधलेली होडी असा त्याचा अर्थ. फणसाच्या कुळातील आंजिली वृक्षाच्या फळ्या खिळे न मारता काथ्याने एकमेकींस आवळलेल्या असतात. पूर्वी या नौका भात वाहत. रस्ते झाले, त्यांचे काम गेले, आणि मग त्यांवर बांबूच्या खोल्या चढवून प्रवासी बसविण्यास आरंभ झाला. चालण्याची गती पायी चालणाऱ्या माणसाएवढी. पहिला तासभर ती असह्य वाटते.

कुट्टनाडात पाहण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे पाणी वर आणि शेत खाली. कित्येक शेते समुद्रसपाटीहूनही खालच्या पातळीवर आहेत. नौकेतून बांधापलीकडे पाहावे तो भाताची हिरवी रोपे चांगली दोन-तीन हात खोल दिसतात. आमचे धाकटे बंधू पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. ते कठड्याशी उभे राहून कितीतरी वेळ नुसते पाहत होते. “दादा,” ते म्हणाले, “आपण जन्मभर पाणी शेतात कसं न्यावं हे शिकलो. हे लोक शेतातलं उपसून कालव्यात टाकतात!” समुद्राचे खारे पाणी भातात शिरू नये म्हणून तण्णीरमुक्कम् येथे मोठा बांध घातला आहे, हेही त्यांनीच सांगितले. खाते सुटले तरी खात्याचा माणूस सुटत नाही.

कालवा हाच येथला रस्ता. प्रत्येक घरापुढे चार पायऱ्या पाण्यात उतरलेल्या. कोठे भांडी घासणे चालले आहे, कोठे कोणी धुणे आपटीत आहे. सूनबाईंनी छायाचित्रासाठी मोबाईल उचलला, तोच काकूंनी विचारले, “आपल्या न्हाणीपुढं कोणी असं तोंड करून बसलं, तर चालेल का गं तुला?” मोबाईल खाली आला. आम्हांसही मग खुर्ची थोडी आत सरकवावीशी वाटली.

दुपारी नारळ घेण्यासाठी नौका एका काठाला लागली. काकू मुलांचा हात धरून उतरल्या आणि त्यांची दृष्टी थेट गेली ती ओट्यावरच्या निळ्या पिंपांवर. आमच्या शहरातील स्त्रीस पिंपाचा अर्थ सांगावा लागत नाही. नौकेवरच्या आचाऱ्यास हिंदी येत होते. त्याला मध्ये घालून काकूंनी घरधनिणीस विचारले. आजूबाजूचे पाणी पिण्याजोगे नाही, गोडे पाणी होडीने येते, आणि ते येण्याचा दिवस नक्की नसतो, असे ती म्हणाली. काकूंनी आपल्या नळाची कथा सांगितली. दोघीही हसल्या, आचाऱ्यास त्यात हसण्यासारखे काय होते ते कळले नाही.

मग ऑगस्ट २०१८ च्या महापुराची गोष्ट निघाली. त्या बाईने भिंतीवर आपल्या डोक्याच्याही वर हात नेऊन पाण्याची खूण दाखविली. सारे गाव उठून गेले होते.

“आणि मग परत आलात?” काकूंनी विचारले.

“आलो. पाणी उतरल्यावर आलो. चिखल काढला.”

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या भिंतीवर क्षणभर तळवा ठेवला आणि त्या नौकेत येऊन बसल्या.

सायंकाळी या नौकांना काठाला बांधून राहावे लागते, कारण रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असतात. आमच्यासारख्याच कितीतरी नौका ओळीने उभ्या होत्या. स्पष्टच सांगावयाचे तर त्या फार झाल्या आहेत. यंत्राचे तेल व मुदपाकखान्याचे खरकटे अखेर कोठे जाते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला आपल्या विहाराचा अभिमान वाटत नाही. बंधूंशी आम्ही हेच बोलत होतो, इतक्यात मुलांच्या खोलीतून काकूंचा आवाज ऐकू आला.

त्या माहेराचे घर सांगत होत्या. दिंडी दरवाजा, त्यातून शिरताच उजव्या हाताला आड, आडाला लागून पारिजातक, ओसरीवरचा झोपाळा, त्याची एक कडी कुरकुरणारी. धाकट्या नातीने विचारले, “आजी, ते सगळं अजून खाली आहे का?” काकू म्हणाल्या, “आड असेल. आड कुठं जातो?” आमच्या घरात येऊन त्यांना साठ वर्षे होत आली. त्या आडाविषयी आम्ही त्या रात्री प्रथमच ऐकले. बंधू उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी त्याच धरणावर काढली आहेत.

दुसऱ्या दिवशी मोठी नौका सोडून आम्ही सरकारी बोटीने फिरलो. केरळ सरकारचे जलवाहतूक खाते १९६८ पासून चालू आहे आणि त्याचे मुख्य ठाणे आलप्पुळ्यासच आहे. भाडे अगदी किरकोळ, बाके लाकडी, सोबतीला शाळेची मुले आणि बाजाराच्या पिशव्या. ज्यांना खर्च टाळावयाचा आहे त्यांनी याच बोटीने हिंडावे. आणि ज्यांना तो टाळावयाचा नाही, त्यांनीही. एका विद्यार्थिनीने उठून काकूंना जागा दिली. काकू खिडकीशी बसल्या. पाणी संपेपर्यंत त्या बाहेर पाहत होत्या.

परतीच्या गाडीत वहिनींनी बोटांवर दिवस मोजले. आम्ही पोहोचणार तो नेमका नळाचा दिवस होता. मग पिंपे कोणी, टाकी कोणी आणि पहाटे उठावयाचे कोणी, याची वाटणी रत्नागिरीच्या आतच होऊन गेली.