भुताची पुस्तके मुलांना द्यावीत का?

सुगी आटोपली, रात्री मोठ्या झाल्या, की घरोघर भुताच्या गोष्टी निघतात. कुणाला ओढ्याकाठी हडळ दिसलेली असते, कुणाच्या चुलत्याला चकव्याने रात्रभर एकाच बांधाभोवती फिरवलेले असते. या गोष्टी ऐकायला सगळ्यांनाच आवडते. पण तेच भूत पुस्तकातून घरात आले, की मोठी माणसे कपाळाला आठ्या घालतात. "पोरं भित्री झाली तर रात्री पाणी धरायला कोण जाईल?" असे आमच्या सासूबाई म्हणत. प्रश्न खोटा नाही. अजूनही कितीतरी गावांत मोटारीची लाईट रात्रीच असते आणि हातात बॅटरी घेऊन एकट्याला शेतात जावे लागते. तिथे सापाची, बिबट्याची खरी भीती असते. तिच्यात आणखी भर कशाला, असे आईला वाटणारच.

मी गावच्या वाचनालयातून अशी पुस्तके बरीच वर्षे आणते आहे. स्वतः वाचते, मुलांनाही वाचून दाखवली. त्यावरून माझे मत झाले ते असे : अंधारातली भीती मोठी असते, कारण तिला नाव-गाव नसते. पुस्तकातल्या भीतीला कारण असते आणि शेवटही असतो. वाचून झाले, की ती मिटून फळीवर ठेवता येते. मात्र पुस्तक निवडून द्यावे लागते. म्हणून माझ्या आवडीची काही इथे सांगते.

अगदी लहानग्यांना कादंबरी नको. त्यांना रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' हे नाटक वाचून दाखवावे. त्यातली चिंची चेटकीण पोरांना घाबरवते आणि हसवतेही. चेटकीण ही रंगवलेल्या तोंडाची, गोष्टीतली बाई असते, हे पोरांना तेव्हाच कळलेले बरे. का, ते पुढे सांगते.

बारा-तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी मी पहिले नाव घेईन ते 'फ्रँकेन्स्टाइन'चे. या कादंबरीचा जन्म आपल्याला जवळचा वाटेल, कारण त्यामागे बिघडलेले हवामान आहे. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्याची राख आणि वायू आभाळात दूरवर पसरले आणि पुढच्या वर्षी, १८१६ साली, युरोपात नेहमीसारखा उन्हाळा आलाच नाही. थंडी आणि पाऊस हटेना. पिके हातची गेली, धान्य महागले, स्वित्झर्लंडमध्ये लोकांची उपासमार झाली. त्याच दिवसांत तिथल्या जिनिव्हा सरोवराकाठी काही इंग्रज मंडळी पावसामुळे घरात अडकून पडली होती. वेळ जावा म्हणून प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी, असे कवी बायरनने सुचवले. त्यांच्यात अठरा वर्षांची मेरी होती. पुढे मेरी शेली म्हणून प्रसिद्ध झाली ती हीच. तिची कादंबरी १८१८ साली निघाली.

फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव, असे पुष्कळांना वाटते. ते त्याला घडवणाऱ्या तरुणाचे नाव आहे. राक्षसाला कुणी नावच ठेवले नाही. त्याचे रूप पाहून घडवणाराच पळून गेला. मग तो एका गरीब घराशेजारच्या खोपटात लपून राहतो. आधी त्यांचे अन्न चोरून खातो, पण ही माणसे आपल्यासारखीच उपाशी आहेत हे दिसल्यावर चोरी सोडतो. उलट रात्री गुपचूप रानातून लाकूडफाटा आणून त्यांच्या दारात टाकतो. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला रूप दिसत नाही. ज्यांना दिसते ते मात्र काठीने झोडपून काढतात. त्यानंतर तो क्रूर होतो, खून करतो. वाचून झाल्यावर माझ्या मुलीने विचारले, "आई, ह्यात भूत कोण?" मी उत्तर दिले नाही. तिने बरेच दिवस त्यावर विचार केला.

दुसरे पुस्तक 'ड्रॅक्युला', ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाचे, १८९७ सालचे. रक्त पिणारा हा सरदार लंडनला जातो, तेव्हा आपल्या मुलखातल्या मातीच्या पन्नास पेट्या बरोबर नेतो, कारण त्या मातीवाचून त्याला विसावा नाही. घरातल्या माणसाने आत ये म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. मला या पुस्तकात आवडते ते वेगळेच. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रे आणि तारा यांची मिळून बनली आहे. काय दिसले, किती वाजता दिसले, कुणी पाहिले, हे जो तो लिहून ठेवतो. मीना नावाची बाई ते सगळे टंकलेखन करून तारीखवार लावते. अशा कागदांच्या आधाराने ते त्याचा माग काढतात. 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'ड्रॅक्युला' या दोन्हींचे मराठी अनुवाद झाले आहेत.

'ड्रॅक्युला'चीच पुढची पिढी म्हणावी असे आपल्या मराठीतले पुस्तक म्हणजे नारायण धारपांचे 'लुचाई'. अमेरिकेत स्टीफन किंगने १९७५ साली 'सेलम्स लॉट' लिहिले. त्यात एका लहान गावात असाच रक्तपिपासू येतो आणि गाव घराघराने रिकामे होत जाते. शेजारचे दार बंद का, हे कुणी वेळेवर विचारत नाही. धारपांनी 'लुचाई' त्यावरून रचली आणि आपल्या मातीत बसवली. धारप (१९२५–२००८) यांनी अशी पुस्तके पुष्कळ लिहिली. मुलांनी मोबाईलवर पाहिलेला २०१८ चा 'तुंबाड' चित्रपट असेल, तर त्यामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. 'लुचाई' सोळा वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये.

मोठ्यांसाठी पुन्हा मतकरी. त्यांचे 'खेकडा' हे पुस्तक कादंबरी नव्हे, कथासंग्रह आहे. त्यांच्या गूढकथांत भीती पुष्कळदा स्मशानातून न येता घरातल्या माणसाच्या मनातून येते. आपल्या ओळखीची माणसे त्यात दिसू लागतात. दिवसाउजेडी वाचावे, हे उत्तम.

आता चेटकिणीविषयी. आमच्या भागातल्या एका वाडीत काही वर्षांपूर्वी पहिल्या पावसानंतर शेळ्या मरू लागल्या. संध्याकाळी धडधाकट असलेली शेळी सकाळी आडवी. वाडीच्या कडेला एक विधवा बाई एकटी राहते. तिची नजर लागली, असे एकाने म्हटले. आठवड्यात तिला चेटकीण म्हणू लागले आणि देवऋषाला बोलवायचे ठरले. जेवताना आमच्या घरात ही चर्चा निघाली, तेव्हा मुलगी म्हणाली, "काकूंनी काही केलेलं कुणी पाहिलंय का? कुठल्या दिवशी?" कुणापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी आमचे हे आणखी दोघांना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टर आले, त्यांनी तपासून आंत्रविषार सांगितला. कोवळे लुसलुशीत गवत अधाशासारखे खाल्ल्याने तो होतो आणि पावसाळ्याआधी लस टोचली तर टळतो. लस टोचली गेली. देवऋषी आला नाही.

सगळे छान झाले असे मात्र म्हणवत नाही. त्या बाईच्या ओट्यावरून आपली पोरे हाक मारून नेणाऱ्या बाया आजही आहेत. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो हवाच होता. पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो. शेजारणीला चेटकीण म्हणण्याआधी जीभ अडखळावी, हे काम घरातच व्हायला हवे, आणि त्याला ही पुस्तके उपयोगी पडतात असा माझा अनुभव आहे.

तेव्हा वाचनालयात ही नावे सांगून पाहा. नसतील तर मागणीच्या वहीत लिहा. घरात आणल्यावर आधी स्वतः वाचा, मग मोठ्याने वाचा, सगळ्यांनी मिळून. ज्या रात्री पोराला मळ्यात जायचे असेल, त्या रात्री मात्र पुस्तक बंद ठेवा. आणि गोष्ट संपली की मुलांना एवढेच विचारा, की यात खरा दोष कुणाचा होता. उत्तर सांगू नका. त्यांचे त्यांना शोधू द्या.