दुसरा रिमोट

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना एक प्रश्न. खास करून बहिणींना. तुमच्या वाट्याला कोणता रिमोट यायचा? पहिला की दुसरा?

रिमोट म्हणजे खेळताना हातात धरायचं ते चौकोनी पॅड. कुणी त्याला जॉयस्टिक म्हणायचं, कुणी कंट्रोल. आमच्या सांगलीत रिमोटच. आमच्याकडे १९९४च्या दिवाळीत बाबांच्या बोनसमधून तो डबा आला. दोन्ही रिमोट डब्याला कायमचे जोडलेले होते. पहिल्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट अशी दोन बटणं होती. दुसऱ्यावर ती नव्हतीच. दादा मोठा, म्हणून पहिला रिमोट त्याचा. दुसरा माझा.

तो डबा निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होता, हे मला खूप उशिरा कळलं. जपानमध्ये १५ जुलै १९८३ला विक्रीला आलेल्या मूळ फॅमिकॉमचीही रचना हीच होती. दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्टच्या जागी छोटासा मायक्रोफोन दिला होता. आपल्याकडच्या नकली डब्यांनी मायक्रोफोन गाळला, पण बटणांची उणीव मात्र इमानदारीने उचलली. म्हणजे दुसऱ्या खेळाडूने खेळ निवडायचा नाही, सुरू करायचा नाही. कुणीतरी सुरू करून देईपर्यंत वाट बघायची.

त्यातून 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये दोघं एकाच वेळी खेळत नाहीत. आधी मारिओ खेळतो आणि तो मेला की लुइजीची पाळी. दादा फार चांगला खेळायचा. हीच माझी अडचण होती.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या वर्षी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, मी स्वतःसाठी एक व्हिडिओ गेम विकत घेतला.

"मुलांसाठी का?"

आम्ही बंगळुरूला राहतो. इथल्या मराठी मैत्रिणींची आमची भिशी आहे. माझा नंबर लागला तेव्हा कुणी म्हणालं पैठणी घे, कुणी म्हणालं मिक्सर बदल. मी म्हटलं, मिनी कन्सोल घेणार. पहिला प्रश्न आला तो हाच, "मुलांसाठी का?" घरी नवऱ्यानेही तेच विचारलं, जाऊबाईंनीही फोनवर तेच. तिघांनाही मी एकच उत्तर दिलं. नाही, माझ्यासाठी. मुलांना हवं तर खेळू देईन.

तुम्हीही असं काही घ्यायचं ठरवलंत तर हे उत्तर आधीच तयार ठेवा. मोठ्या माणसाने, त्यातही बाईने, स्वतःसाठी खेळणं घेतलं की घरात दोन मिनिटं शांतता पसरते. ती आपोआप जाते.

अस्सल कोणता, नकली कोणता

मिनी कन्सोल म्हणजे जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती. त्याला कॅसेट लागत नाहीत, खेळ आतच भरलेले असतात. निन्टेंडोने नोव्हेंबर २०१६मध्ये 'एनईएस क्लासिक एडिशन' काढला, त्यात ३० खेळ आहेत. २०१७मध्ये त्याचा पुढचा भाऊ 'सुपर एनईएस क्लासिक' आला, २१ खेळांचा. सेगाने २०१९मध्ये 'मेगा ड्राइव्ह मिनी' काढला. मला मारिओ हवा होता, म्हणून मी पहिला निवडला.

हे कन्सोल आता कंपनी बनवत नाही. त्यामुळे वापरलेला घ्यावा लागतो, आणि तिथेच डोळे उघडे ठेवायचे असतात. हजार-दीड हजारात '६२० खेळ' असं छापलेले, हुबेहूब तसेच दिसणारे डबे ढिगाने मिळतात. माझ्या एका मैत्रिणीकडे तसा आहे, मी खेळून पाहिला. करमणूक होते, पण तेच खेळ नावं बदलून पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांना मागे पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना लावायची सोय असते आणि आताच्या अनेक टीव्हींना ती जागाच नसते.

अस्सल डबा तळहातावर मावतो. मागे एचडीएमआयची एक जागा आणि वीज घेण्यासाठी छोटी यूएसबीची एक. पुढे दोन रिमोटच्या दोन खाचा. कॅसेट घालायचं झाकण फक्त दाखवायला आहे, ते उघडत नाही. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे दुकानात टीव्हीला लावून मेनू बघणं. बरोबर ३० खेळांच्या चित्रांची रांग दिसली पाहिजे आणि रिसेट दाबल्यावर खेळ जिथे होता तिथे गोठून मेनू परत आला पाहिजे. एसपी रोडवरच्या एका जुन्या गेमच्या दुकानात मी हे सगळं करून पाहिलं. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, मुलगा कितवीला आहे?" खोक्यासकट साडेनऊ हजार मोजले. महाग आहे, मान्य. पण भिशी माझी होती.

सोबत काय घ्यावं

खोक्यात रिमोट एकच येतो. दुसरा वेगळा विकत घ्यावा लागतो. माझं ऐकाल तर दुसऱ्या रिमोटशिवाय हा कन्सोल घेऊच नका. दोन्ही रिमोट अगदी सारखे असतात, दोघांवर सगळी बटणं असतात आणि दोन्ही काढता-घालता येतात. कोणत्या खाचेत कोणता घातला, एवढाच पहिल्या-दुसऱ्यातला फरक.

दुसरी गरज लांब वायरीची. रिमोटची वायर जेमतेम अडीच फूट आहे. टीव्ही भिंतीवर आणि आपण सोफ्यावर, हे जमतच नाही. त्यासाठी जोडवायर मिळते. मी तीन मीटरच्या दोन घेतल्या. बिनवायरीचे रिमोटही मिळतात, पण लहान मुलांच्या घरात ते सोफ्याच्या फटीत जातात.

अडॅप्टर वेगळा घ्यायची गरज नाही. पाच व्होल्ट, एक अँपियरचा साधा मोबाइल चार्जर चालतो. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असेल तर तो सुरू करा. नाहीतर तुम्ही उडी मारायचं बटण दाबता आणि मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडी मारतो. दोष हाताचा नसतो. नवे टीव्ही चित्र सुंदर करण्यात जो क्षणभर वेळ घालवतात, तो इथे महागात पडतो.

काय आहे, काय नाही

आपल्या पिढीचे दोन लाडके खेळ यात नाहीत, हे आधीच सांगते. 'कॉन्ट्रा' नाही. त्याचा पुढचा भाग 'सुपर सी' आहे. आणि 'डक हंट' नाही. बदकांवर रोखायची ती बंदूक आठवते? चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला की बदक पडलं. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं होतं. आताच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक आंधळी होते.

जे आहे ते मात्र पोटभर आहे. 'सुपर मारिओ ब्रदर्स'चे तिन्ही भाग, 'पॅकमॅन', 'डाँकी काँग', 'एक्साइटबाइक'. मारिओत एक जुनी खुबी इथेही चालते. खेळ संपला की पहिल्या पडद्यावर ए दाबून धरा आणि स्टार्ट दाबा. पहिल्यापासून नाही, ज्या जगात मेलात त्याच जगाच्या सुरुवातीपासून खेळ चालू होतो. दादाला ही खुबी माहीत होती की नव्हती, देव जाणे. मला तरी त्याने कधी सांगितली नाही.

दोघांनी एकाच वेळी खेळायचे खेळ आधी काढा. 'आइस क्लाइंबर'मध्ये दोघं डोंगर चढतात. एक फार पुढे गेला तर मागचा पडद्याबाहेर पडून मरतो. माझा मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी नऊची. पहिल्या दिवशी तो सुसाट वर गेला आणि ती सात वेळा मेली. आठव्या वेळी तिने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "एकटाच खेळ मग." त्यानंतर तो थांबायला शिकला. मी मध्ये पडले नाही.

'बबल बॉबल' तर त्यासाठीच केलेला वाटतो. १९८६ साली ताइतो कंपनीने काढलेला हा खेळ, दोन छोटे ड्रॅगन, एक हिरवा, एक निळा. एकट्याने शेवटपर्यंत पोचलात तरी खरा आनंदाचा शेवट मिळत नाही. त्यासाठी दोघांनी सोबत पोचावं लागतं.

खेळ साठवायचीही सोय आहे. प्रत्येक खेळाला चार जागा, हवं तिथे थांबवून पुन्हा तिथूनच सुरू. यावरून घरात भांडण झालं. मुलगा प्रत्येक अवघड उडीच्या आधी खेळ साठवायला लागला. मोबाइलवर मेलं की जाहिरात बघायची आणि पुन्हा जिवंत व्हायचं, ही त्याची सवय. शेवटी नियम ठरला. साठवायचं ते फक्त जेवायला बोलावल्यावर. तीन जीव गेले की रिमोट पुढच्याला द्यायचा. आणि पहिल्या खाचेत कुणाचा रिमोट, हे दर रविवारी बदलायचं.

आईचा खेळ

डिसेंबरात आई सांगलीहून दोन महिन्यांसाठी आली. वय सत्तर. मी तिच्या हातात रिमोट दिला तेव्हा तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "मला नाही बाई जमायचं."

मी 'डॉ. मारिओ' लावला. १९९०चा खेळ. बाटलीत तीन रंगांचे विषाणू असतात, वरून दोन रंगांच्या गोळ्या पडतात. त्या फिरवून एका रंगाचे चार एका ओळीत आणले की विषाणू मरतो. यातली सर्वांत चांगली गोष्ट अशी की दोघांना आपापली पायरी आणि आपापला वेग वेगळा निवडता येतो. शून्याच्या पायरीला चारच विषाणू असतात, विसाव्या पायरीला चौऱ्याऐंशी. आईला शून्य आणि कमी वेग, नातवाला दहावी पायरी. सामना बरोबरीचा होतो.

तिसऱ्या दिवशी आईने नातवाला हरवलं. "रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या, कॅल्शियमच्या," ती म्हणाली, "वीस वर्षं गोळ्याच लावतेय मी. मला कोण शिकवणार?"

एका दुपारी मुलं शाळेत होती. आम्ही दोघीच खेळत होतो. मध्येच तिने विचारलं, "हा मारिओ तोच ना गं? तुम्ही दोघं भांडायचात तो?"

म्हटलं, तोच.

"तुम्ही शाळेत गेलात की एकदा मी लावला होता." गोळी फिरवत, पडद्यावरची नजर न हलवता ती सांगत होती. "वायरी तुमच्या लावलेल्याच होत्या. टीव्ही लावला, डबा चालू केला, चित्रही आलं. मग तो रिमोट घेतला आणि सगळी बटणं दाबून पाहिली. काहीच होईना. म्हटलं, आपल्या हातून बिघडला की काय! तुझ्या बाबांनी बोनसमधून आणलेला. गुपचूप बंद केला, होता तसा ठेवून दिला. संध्याकाळी तुम्ही लावलात आणि तो चालला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पुन्हा मात्र हात लावला नाही."

"कोणता रिमोट घेतला होतास?" मी विचारलं.

"कोणता म्हणजे? जवळ पडला होता तो."

पहिला रिमोट दादा नेहमी गुंडाळून टीव्हीच्या मागे ठेवायचा. जवळ पडलेला असायचा तो माझा. स्टार्ट नसलेला.

मी तिला हे समजावून सांगितलं. डबा बिघडला नव्हता, त्या रिमोटवर ते बटणच नव्हतं, कुणीही दाबलं असतं तरी काही झालं नसतं. तिने खेळ थांबवला आणि हातातला रिमोट डोळ्यांजवळ नेऊन त्यावरचं स्टार्ट वाचलं. "म्हणजे मला येत नव्हतं असं नाही," ती म्हणाली. मग पुन्हा स्टार्ट दाबलं आणि तो डाव जिंकली.

तीस वर्षं ती घरातल्या प्रत्येक नव्या यंत्रापुढे "मला नाही जमायचं" म्हणत आली आहे. मोबाइल, गॅसचा गीझर, एटीएम, सगळ्यांपुढे. सगळंच त्या एका दुपारमुळे, असं मी म्हणणार नाही. पण सांगलीला परत जाताना तिने मला फोनवरून रिक्षा बोलवायला शिकव म्हटलं, एवढं खरं. तोवर ती सातव्या पायरीला पोचली होती.

तुम्ही हा कन्सोल घ्या किंवा घेऊ नका. कपाटातला जुना डबा चालत असेल तर तोच काढा. फक्त दोन गोष्टी बघा. दोन्ही रिमोटवर सगळी बटणं आहेत ना, आणि घरात "मला नाही जमायचं" कोण म्हणतंय. पहिला रिमोट त्या माणसाला द्या. पायरी शून्य, वेग कमी. घाई करू नका, आणि त्यांच्या हातातून रिमोट घेऊन "असं दाबायचं" म्हणून दाखवू नका. चारच विषाणू आहेत. मरतील.