नवं वेगळं, जुनं वेगळं

गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात माझ्या अंगणवाडीत ‘समुद्र’ हा विषय घ्यायचा ठरला होता. रात्री जागून मी निळ्या कागदाच्या लाटा कापल्या, पुठ्ठ्याचे मासे दोऱ्याला टांगले. मुलं आली, माशांकडे बघून घेतलं आणि दोन मिनिटांत दारातल्या ओल्या मातीत जाऊन बसली. त्यांच्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता.

आमच्या रहिमतपूरच्या शिवारात तेव्हा राखून ठेवलेल्या आल्याची काढणी चालू होती. दुसऱ्या दिवशी एका आजींनी व्यापाऱ्यानं बाजूला काढलेलं पाटीभर आलं आणून ठेवलं. मी मासे उतरवले.

आमच्याकडे तीन ते सहा वर्षांची मुलं येतात आणि त्यांचं बोट धरून दोन-अडीच वर्षांची भावंडंही. लहानग्यांनी आधी पाण्याची परात ताब्यात घेतली. जुन्या टूथब्रशनं आलं घासायचं, बुडवायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घासायचं. अर्धा तास कुणी मान वर केली नाही. एकानं चाटून पाहिलं आणि भोकाड पसरलं. मदतनीस ताईंनी गुळाचा खडा दिला तेव्हा कुठं थांबला. मोठ्या मुलांनी तोवर मातीचा गादीवाफा केला होता. एका मुलीनं काळ्या लोकरीचा धागा त्यावर सरळ अंथरला आणि मला म्हणाली, “बाई, पाय देऊ नका. ठिबक हाय.”

मी तीन टोपल्या मांडल्या होत्या: लहान, मध्यम, मोठं. वर्गीकरण शिकवायचं होतं. चार वर्षांच्या एका पोरानं मात्र दोनच ढीग केले आणि दोन्हींत लहान-मोठं सगळं मिसळलेलं. “अरे, चुकलं. हे मोठं या टोपलीत,” मी पटकन म्हणाले. तो उठला आणि दिवसभर पाटीकडे फिरकला नाही.

संध्याकाळी त्याच्या आईशी बोलले तेव्हा उलगडा झाला. शेतात राखलेलं आलं पुन्हा फुटतं. मग एकाच गड्ड्यात जुनं आणि नवं, दोन्ही निघतं. व्यापारी ते निवडून वेगवेगळ्या दरानं घेतात आणि सरसकट खरेदी व्हावी म्हणून आपल्या जिल्ह्यातले शेतकरी भांडत आले आहेत. नव्याची साल पातळ, नखानं निघणारी. त्या मुलानं प्रत्येक कुडी नखानं खरवडून ढीग लावले होते. माझ्या तीन टोपल्यांपेक्षा त्याचं काम अवघड होतं आणि ते बिनचूक होतं. मी त्याला चुकलास म्हणाले, हे मला अजून लागतं.

हा धडा खरं तर जुनाच. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं साहित्य. प्रशिक्षणात हे मी वहीत उतरवून घेतलं होतं, पण त्यातला शिंपला तेवढा उचलला. बोर्डीच्या मुलांच्या दारात समुद्र होता, म्हणून तिथं शिंपले. आमच्या मुलांच्या दारात आलं आहे.

तिसऱ्या दिवशी मी टोपल्या मांडल्याच नाहीत. भिंतीला टेकून बसले. तो मुलगा आला, पाटीशी बसला, व्यापारी झाला. “नवं येगळं, जुनं येगळं,” तो शेतकरी झालेल्या मुलीला बजावत होता. तिनं कमरेवर हात ठेवून विचारलं, “गाडीला किती देणार?” आपल्याकडे आल्याची गाडी म्हणजे ५०० किलो. त्यांची गाडी म्हणजे बुटाचं खोकं. तो म्हणाला, “धा हजार.” ती खोकं उचलून चालू लागली. तो मागून पळाला, “बरं, ईस हजार!” आकडे कळत नव्हते, पण कोणता मोठा हे दोघांनाही ठाऊक होतं. परातीपाशी दोन वर्षांचं एक बाळ “धा, धा” म्हणत आलं मोजत होतं.

“नुसतं खेळतात, एबीसीडी कधी शिकवणार?” असं पालक मला विचारतात. त्यांना मी आता एवढंच सांगते, की अर्धा तास आत येऊन बसा, पण मध्ये बोलू नका.

आणि घरात मोडकी तागडी, फाटकं पोतं, ठिबकच्या नळीचे तुकडे पडले असतील तर भंगारात घालू नका. तुमच्या गावच्या अंगणवाडीत नेऊन द्या.