सत्तर डॉलरची चोरी

माझी पहिली चोरी सत्तर डॉलरची. त्यासाठी हेरावर घातले होते हजार.

रायपूरला चौबे कॉलनीत, महाराष्ट्र मंडळापासून हाकेच्या अंतरावर मावशीचं घर. तिथे दोन कॉम्प्युटर केबलने जोडून मी आणि मावसभाऊ, म्हणजे दादा, ‘रेड अलर्ट २’ खेळायचो. २००० सालचा हा खेळ आमच्याकडे बराच उशिरा पोचला. त्यातला हेर शत्रूच्या शिपायाचा वेष घेतो. तो खनिजाच्या रिफायनरीत शिरला की समोरच्याची निम्मी शिल्लक आपली. दादा नेहमी रशियाचा, त्यामुळे त्याला हेर मिळतच नसे. पण हात सैल. पैसा आला की रणगाडा. मी शिरले तेव्हा त्याच्याकडे जेमतेम एकशे चाळीस होते. तो इतका हसला की मावशी हातातलं लाटणं घेऊन बघायला आली.

सभासद बखरीतला बहिर्जी जासूद सुरतेहून आधी द्रव्याची खबर आणतो. स्वारी त्यानंतर, जानेवारी १६६४ मध्ये. मी मात्र दादाच्या तळाच्या सगळ्या वाटा पाठ केल्या होत्या, तिजोरीची चौकशी तेवढी राहिली.

मग उलटं सुरू केलं. पुढच्या बाजूने पाच-सहा रणगाडे सोडायचे. दादा तिकडे गुंतला की नवं काही बांधायचं विसरायचा, खनिजाच्या गाड्या मात्र येतच राहायच्या. शिल्लक फुगायची. तेवढ्यात मागून हेर. भीती फक्त कुत्र्यांची, त्यांच्यापुढे वेष चालत नाही. दोनशेचं कुत्रं हजाराचा हेर एका उडीत खातं. ती कुठे बसवलीत ते कळायला आधी एखादा स्वस्तातला शिपाई मरायला पाठवायचा.

पुढे ‘सिव्हिलायझेशन ६’ही खेळले. तिथला हेर कित्येक पाळ्या बसून खजिना पोखरतो, यशाची टक्केवारी आधीच दिसते. मला ते पोस्टातल्या आवर्ती ठेवीसारखं वाटतं.

‘रेड अलर्ट’च्याच दिवसांत, एका गणपतीत दादाचा आकडा एकदम खाली आला.

“ए, माझे नऊ हजार होते!”

मंडळात आरतीची वेळ झाली होती, मावशी खालून हाका मारत होती. दादा हलेना. तळावरच्या आपल्याच बारा शिपायांवर तो एकेक करून माऊस नेऊन बघत होता. हेर तर आत शिरला तेव्हाच संपला होता. मी काही बोलले नाही.