आमची अमिरातीची सफर आणि गाडीतला कॅमेरा



दुबईहून परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, बुर्ज खलिफा पाहिला का? पाहिला. ८२८ मीटर उंच आहे, आम्ही तो खालून पाहिला आणि मान दुखली. त्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, तेव्हा आम्ही लिहिणार आहोत ते एका साबणाच्या वडीएवढ्या वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे आमच्या भाच्याच्या गाडीत बसवलेला कॅमेरा. त्याने आमची अशी काही फजिती केली की, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी थोडे मागचे. आमचा भाचा मूळचा ठाण्याचा, पण पंधरा वर्षे शारजात नोकरीला आहे. लॉडहून शारजा विमानाने जेमतेम तीन-साडेतीन तासांवर, पण आम्ही भेटायचो ते ठाण्याला, कुणाच्या लग्नात नाहीतर मयतीला. आमच्या इस्रायली पासपोर्टावर तिकडे सहलीला जाण्याची सोयच नव्हती. १५ सप्टेंबर २०२० रोजी दोन्ही देशांत करार झाला, त्याच नोव्हेंबरात सरळ विमाने सुरू झाली. पण आमचे गुडघे, मग साथ, मग पुन्हा गुडघे, असे करता करता जानेवारी २०२३ उजाडला. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, हॉटेलात राहायचं नाही. माझ्या गाडीत राहायचं!"

आम्हाला वाटले थट्टा करतोय. पण खरोखरच त्याच्याकडे एक उंच छपराची व्हॅन होती. मागे दोन माणसांचा पलंग, पलंगाखाली पाण्याचे कॅन, एक छोटा फ्रिज, एक शेगडी. दिवा-फ्रिजसाठी निराळी बॅटरी. तो स्वतः बाहेर तंबूत झोपणार होता. आमच्या मंडळींनी आत डोकावून पाहिले आणि म्हणाल्या, "आमचं मुंबईचं पहिलं घर याच्याहून फार मोठं नव्हतं." पासच झाली म्हणायची गाडी.

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याने कॅमेऱ्याचा खोका उघडला. दोन कॅमेरे, एक पुढच्या काचेला, एक मागच्या. आम्ही जन्मभर वर्कशॉपमध्ये काम केलेले, तेव्हा हात शिवशिवायला लागले. हल्ली गाडीगाडीत असा कॅमेरा दिसतो, पण बसवतात कसा ते थोडे सांगतो, मुलांना आवडेल.

पहिली गोष्ट गरमीची. तिकडे उन्हाळ्यात बंद गाडीच्या आतले तापमान साठ-सत्तर अंशांपर्यंत जाते. ज्या कॅमेऱ्यात मोबाईलसारखी लिथियमची बॅटरी असते, ती त्या उन्हात फुगते. म्हणून भाच्याने बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घेतला होता. तो फार वेळ वीज साठवत नाही, गाडीची वीज अचानक गेली तर चालू असलेले चित्र नीट बंद करण्यापुरती ठेवतो. पण गरमी सोसतो. कॅमेरा आरशाच्या मागे, काचेच्या वरच्या भागात चिकटवायचा, म्हणजे चालवणाऱ्याच्या नजरेआड राहतो. आधी काच स्पिरिटने पुसायची. आम्ही दोनदा पुसली.

मग वायर. तीन वायरी असतात. पिवळी कायम विजेला, लाल चावी फिरवल्यावर वीज येते तिथे, आणि काळी गाडीच्या पत्र्याला, म्हणजे आपले अर्थिंग. लाल वायरीवरून कॅमेऱ्याला कळते की गाडी चालू आहे की उभी. उभी असली, तर तो डुलकी घेतो आणि समोर काही हलले किंवा धक्का बसला की जागा होतो. पिवळी वायर आम्ही मागच्या बॅटरीला जोडली, म्हणजे रात्रभर कॅमेरा चालला तरी इंजिनाची बॅटरी उतरायला नको. मध्ये एक डबी असते, ती व्होल्टेज ठरल्याखाली गेले की कॅमेरा बंद करते. ती आम्ही १२.२ वर ठेवली. नाहीतर सकाळी फ्रिजमधले दूध नासलेले!

मागच्या कॅमेऱ्यावरून मात्र मामा-भाच्यांत वाद झाला. पुढून मागे जाणारी वायर आखूड पडली. भाचा म्हणाला, "राहू दे मामा, पुढचा पुरे." आम्ही म्हणालो, छे! मागून येऊन ठोकणारेच फार असतात, त्यांचा पुरावा नको का? तेव्हा बाजारात जाऊन लांब वायर आणली आणि छताच्या अस्तराखालून सरकवत सरकवत मागच्या दारापर्यंत नेली. दीड तास गेला, बोटे सोलली. पण आम्ही हट्टाने तो मागचा कॅमेरा बसवलाच. हे लक्षात ठेवा.

कॅमेऱ्याचे घड्याळ फोनवरून लावायचे असते. भाच्याचा फोन कामात होता, म्हणून आमच्या फोनवरून लावले. हेही लक्षात ठेवा.

कार्ड १२८ जीबीचे. दोन्ही कॅमेऱ्यांचे मिळून आठ-नऊ तासांचे चित्रण त्यात मावते. भरले की सर्वांत जुने पुसून नवे त्यावर घेतो, रहाटगाडग्यासारखे चालूच. धक्का बसला की तेवढा तुकडा बाजूला कुलपात ठेवतो, तो पुसला जात नाही. पहिल्या दिवशी खडीच्या रस्त्यावर दर खड्ड्याला कुलूप, दर खड्ड्याला कुलूप, संध्याकाळपर्यंत अर्धे कार्ड खड्ड्यांनीच भरले. मग धक्क्याची जाणीव कमी केली.

असो. दुसऱ्या दिवशी निघालो हत्त्याला. हत्ता दुबई अमिरातीचेच, पण दुबईपासून तुटून पडलेले. मध्ये इतर अमिराती आणि ओमानची हद्द लागते. जुना रस्ता ओमानातून जातो, म्हणून आम्ही शारजाच्या बाजूने मलीहावरून गेलो. आधी लाल वाळू, रस्त्याकडेला कुंपण, कुंपणापलीकडे उंट. मग एकाएकी डोंगर. हजर पर्वत म्हणतात. डोंगर कसले, नुसती भाजलेली हाडे! कोकणातून आलेल्या माणसाला गवताची काडी नसलेला डोंगर पाहून कसेसेच होते. पण हत्त्याच्या धरणाचे हिरवेनिळे पाणी त्या करड्या डोंगरांत पाहिले आणि आम्ही दोघेही बराच वेळ गप्प बसलो. रात्री मंडळींनी शेगडीवर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. पीठ घरून नेले होते. थंडी अशी की, दोन रजया घेतल्या.

तिसऱ्या दिवशी समुद्राकडे, काल्ब्याच्या वाटेला लागलो. वाटेत चढावर एक चहाची टपरी होती. तिकडे करक चहा म्हणतात, म्हणजे आपला कडकच. अरबांच्या तोंडी ड चा र झाला. उन्हासाठी भाच्याने पुढच्या काचेवर बाहेरून चंदेरी आवरण घातले, हँडब्रेक ओढला. मंडळी म्हणाल्या, "चाकामागे दगड लावा हो." घाटात एस.टी. बंद पडली की कंडक्टर आधी दगड शोधायचा, ते त्यांच्या डोक्यात. आम्ही दगड लावला. चहा झाला. भाचा पैसे द्यायला आणि पाणी घ्यायला टपरीत गेला, आम्ही उभयतां मागे बसून कप धूत होतो.

आणि धाडकन धक्का बसला.

आम्ही उतरून पाहतो तो मागे एक पिकअप, तिचा डावा दिवा फुटलेला, आमचा बंपर आत गेलेला. बाजूला एक दाढीवाले वृद्ध पठाण हातात चहाचा कप घेऊन उभे. आमचा पारा चढला. मुंबईची हिंदी चाळीस वर्षांनी तोंडात आली. "क्या चाचा, देखके नहीं चलाते? हमारा गाडी खडा था!" ते म्हणाले, "जनाब, मेरी भी खड़ी थी." आम्ही म्हणालो, खडी थी तो क्या हम उड के आये? भाचा धावत आला, त्यानेही आमचीच बाजू घेतली. आम्ही तिघे, ते एकटे. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले की, गाडी मालकाची आहे, चूक माझी ठरली तर दिव्याचे पैसे पगारातून कापतील, पण तुम्ही म्हणता तर माझाच पाय सुटला असेल.

तिकडे पोलिसांचा कागद असल्याशिवाय कुठलाही गॅरेजवाला ठोकलेल्या गाडीला हात लावत नाही. भाच्याने ९९९ फिरवला. पोलीस येईपर्यंत आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, "कॅमेरा काढ. पुरावा आहे आपल्याकडे."

पुढच्या कॅमेऱ्यात नुसती चांदी. आवरण होते ना! मग मागचा उघडला.

मुलांनो, आता नीट ऐका. चित्रात पहिल्यांदा कोण दिसले असेल? पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा, वाकलेला, दोन्ही हातांत दगड, तो रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवतो आहे आणि हात झटकतो आहे. ते आम्ही! निघायचेच आहे, दगड वाटेत कशाला, म्हणून चहा संपल्यासंपल्या आम्ही तो काढला होता आणि साफ विसरलो होतो. मग पिकअप येते, मागे थांबते, चाचा उतरतात, टपरीकडे जातात. गाडीत कोणी नाही. आणि मग पिकअप हळूहळू मोठी व्हायला लागते.

आम्ही म्हणालो, बघा, येतेय पुढे! मंडळी म्हणाल्या, "अहो, मागचं खजुराचं झाड पण येतंय."

झाड खरेच येत होते. झाडामागचा विजेचा खांबही. पिकअप पुढे आली असती, तर झाड जागच्या जागी दिसायला हवे होते. सगळेच मोठे होत होते, म्हणजे सरकत होतो ते आपण. हँडब्रेक सैल, आणि दगड काढलेला.

कोणी काही बोलेना. भाच्याने फोन हातात धरून आमच्याकडे पाहिले. त्याचे दुःख आम्हाला कळत होते. गाडी त्याची, लायसन्स त्याचे, चुकीचा कागद निघणार तो त्याच्या नावाने, विम्याचा हप्ता वाढणार तोही त्याचा. चाचांनी तर चूक जवळजवळ पत्करलीच होती. चित्र कोणी मागितले नव्हते. खरे सांगतो, अर्धा मिनिट आम्हालाही वाटून गेले की, फोन खिशात टाकावा. मंडळींनी विचारले, "दगड कुठाय?" आम्ही बोटाने दाखवला. त्या म्हणाल्या, "मग चाचांना दाखवा पिक्चर."

चाचांनी दोनदा पाहिले. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. आपल्या गाडीकडे गेले आणि तिच्या बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

पोलीस आला, तरुण पोरगा. चित्र पाहिले आणि त्याची भुवई वर गेली. चित्रावर वेळ होती सव्वानऊची आणि आता वाजले होते पावणेबारा. हे कालचे तर नाही ना? आता पंचाईत! मग उलगडा झाला. आमचा फोन आम्ही इस्रायलच्या वेळेवर धरून ठेवला होता, गोळ्यांच्या वेळा चुकू नयेत आणि नातवंडांना अवेळी फोन जाऊ नये म्हणून. हिवाळ्यात तिकडे आपल्यापेक्षा दोन तास पुढे असतात. कॅमेऱ्याने आमची वेळ घेतली. आम्ही फोन दाखवला, गोळ्यांची डबीसुद्धा दाखवली. तेव्हा त्याला पटले. स्वतःची चूक शाबीत करायला एवढी धडपड आम्ही आयुष्यात कधी केली नव्हती.

चुकीचा कागद भाच्याच्या नावाने निघाला, चाचांना बिनचुकीचा. बंपरचे पैसे आम्ही दिले, भाचा नको नको म्हणत होता तरी. हप्त्याचे मात्र तो काही बोलला नाही आणि ते आम्हाला अजून लागते.

चाचांनी आम्हा सर्वांना पुन्हा चहा पाजला. आम्हाला तो गिळवेना.

घरी आल्यावर नातू मागे लागला, "सबा, तो व्हिडिओ पाठवा ना, ग्रुपवर टाकू." भाच्याने ते आधीच बजावले होते. तिकडे २ जानेवारी २०२२ पासून नवा सायबर कायदा आहे. परवानगीवाचून दुसऱ्याचे चित्र घेऊन ते पसरवले, तर किमान सहा महिने कैद किंवा दीड ते पाच लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पोलिसांना दाखवणे निराळे, ग्रुपवर टाकणे निराळे. चाचांचा चेहरा त्यात स्पष्ट आहे. आणि कायदा नसता तरी त्या माणसाला आम्ही सगळ्यांपुढे का उभे करावे? काम होताच भाच्याने तो तुकडा पुसून टाकला.

तेव्हा नातवाला आम्ही जेवणाच्या टेबलावरच खेळ करून दाखवला. साखरेचा डबा म्हणजे आमची गाडी, काडेपेटी म्हणजे पिकअप, बाटली म्हणजे खजुराचे झाड. त्याला डोळा डब्याच्या पाठीशी लावायला सांगितले आणि डबा हळूहळू मागे ओढला. पहिल्या खेपेला तो म्हणाला काडेपेटी आली. दुसऱ्या खेपेला म्हणाला, "सबा, बाटली पण!"

परवा भाच्याचा फोन होता. त्याने चाकांमागे लावायला लाकडाचे दोन तिकोनी ठोकळे करून घेतले आहेत. एकावर रंगाने 'मामा' लिहिले आहे, दुसऱ्यावर 'मामी'.