कुक्षी किती दूर?

"फादर, इंदूर ते मुंबई विमानाला सव्वा तास. थोरला दुपारच्या आत घरी येईल. दफनविधी चार वाजता ठेवू या." मयताचे धाकटे बंधू म्हणाले व मीही मान डोलावली. थोरला मुलगा मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, कुक्षी येथे नोकरीस होता. पहाटेच त्याला निरोप धाडला होता. चार वाजले, पाच वाजले. अखेर दिवेलागणीस शवपेटी मातीआड गेली आणि त्यानंतर तासाभराने तो वसईतील आपल्या दारात उभा राहिला. विमान वेळेवरच आले होते. चुकले होते ते आमचे गणित.

पुढे त्याच्या भेटीस जाण्याचा योग आला, तेव्हा नकाशा उलगडून बसलो. वसईहून कुक्षी सरळ रेषेत सुमारे पावणेचारशे किलोमीटर, तर मुंबईहून इंदूर सुमारे पाचशे. म्हणजे विमानाने जाणारा कुक्षीच्या पुढे ईशान्येस जातो आणि दीडशेहून अधिक किलोमीटर मोटारीने मागे येतो. विमान ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने उडते. तेवढाच हिशेब केला, तर पाऊण तासही लागू नये. परंतु धावपट्टीवर रांगणे, वर चढणे, हळूहळू उतरणे यांत आणखी अर्धा तास जातो. कुक्षी ते इंदूर साडेतीन-चार तास, विमानतळावर दोन तास आधीची हजेरी आणि मुंबईच्या विमानतळापासून वसईपर्यंतची गर्दी ही सारी बेरीज केली, की सव्वा तासाचे दहा तास होतात! त्या मुलाला तर दुपारी तीनच्या आधीचे विमानच मिळाले नव्हते.

म्हणून मी मोटारीने निघालो. नाशिक, धुळे, सेंधवा, बडवानी असा तो मार्ग. वेळ जवळजवळ तितकाच लागला. मात्र वाटेतला मुलूख डोळे भरून पाहता आला. बडवानी सोडली, की नर्मदामाई भेटते. तिचे ते अफाट, संथ पाणी म्हणजे सरदार सरोवराचा फुगवटा होय. 2019 च्या सप्टेंबरात हे धरण प्रथमच 138.68 मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि कुक्षीकडील काठावरची चिखलदा, निसरपूर ही गावे पाण्याखाली गेली. एके काळी शेजारची असलेली घरे आता दूरदूरच्या वसाहतींत विखुरली आहेत. अंतर असेही वाढते, वाचकहो!

कुक्षी हे निमाडातील बाजाराचे गाव. भोवती कापसाची व मिरचीची शेते, रस्त्याने भिल्ल व भिलाला बांधवांची ये-जा. पूर्वी हा मुलूख धारच्या पवारांच्या संस्थानात होता, त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका वाटत नाही. जवळच बाघ येथे डोंगरात कोरलेल्या प्राचीन बौद्ध लेण्या आहेत आणि त्याच गावचे ठशांचे छापील कापड देशभर जाते.

निरोप घेताना तो मुलगा एवढेच म्हणाला, "फादर, त्या दिवशी दोन तास थांबला असता, तर बाबांचे तोंड पाहिले असते."

मला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून कोणाच्या घरी मयत झाले व मूल परगावी असले, की मी विमानाची वेळ विचारीत नाही. फोन लावून त्यालाच विचारतो, "बाळ, तुझ्या उंबरठ्यापासून आपल्या उंबरठ्यापर्यंत किती तास?" घंटेची वेळ त्यानंतरच ठरते.